जाऊबाईंची नाडी

साठीची वाट आनंदाने पाहणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे माझी थोरली जाऊ. बाकीच्या बायकांना वय विचारलं की त्या दोन-चार वर्षं हळूच बाजूला ठेवून उत्तर देतात. जाऊबाईंचं उलट. पंचावन्न उलटल्यापासून त्यांचा धोशा असायचा, "लागू दे गं एकदा साठ. मग बघ."

त्या पळायच्या, म्हणून हे. वय झालेल्या माणसांच्या शर्यतींत पाच-पाच वर्षांचे गट करतात. एकोणसाठाव्या वर्षी माणूस आपल्या गटात सगळ्यात म्हातारं असतं, आणि साठ लागले की वरच्या गटात एकदम तरुण. "इकडची आजीबाई, तिकडची नवी नवरी," असं त्यांचे मास्तर म्हणायचे. मैदानावरची ती सगळी मंडळी वाढदिवसाला खरोखर खूश होणारी. असली माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

जाऊबाईंना साठ लागले आणि पुढच्याच महिन्यात दर रविवारी एक अशा चार शर्यती होत्या. त्या महिन्याबद्दल लिहायला बसले आहे. जाऊबाई त्या महिन्यातून परत आल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. उगाच वाचणाऱ्याला आशा लागायला नको.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या खाली आणि एक वर. खाली मी आणि माझा नवरा, वर जाऊबाई एकट्या. थोरले भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. जाऊबाई त्यांना दुसरेपणावर दिलेल्या. आधीच्या बाईंचा फोटो वरच्या खोलीत होता आणि तो जाऊबाई रोज स्वतःच्या हाताने पुसायच्या. सासूबाई होत्या तोवर "आधीची असं नव्हती हो करत" हे त्यांनी उठता-बसता ऐकलं. मूलबाळ झालं नाही. तोंडातून कुरकूर कधी आली नाही. एकदाच भांडी घासता घासता म्हणाल्या, "या घरात माझं नाव कायम कुणाच्या तरी मागून आलं बघ." मग पातेल्यात पाणी ओतलं आणि विषय संपला.

आम्ही दोघी कामालाही एकाच ठिकाणी. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात धुलाईघर आहे. खिडकी नाही, दिवसभर वाफ आणि मशीनचा आवाज. वरच्या मजल्यावर मळक्या चादरींची गाडी भरली की तिथली बाई बटण दाबते, खाली आमच्याकडे घंटा वाजते, मग आम्ही लिफ्ट खाली बोलावतो. धुऊन, वाळवून, गरम रोलरमधून निघाली की चादर आमच्या हातात. मोठी चादर एकटीच्याने घडी होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा आणि एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक लावायचं, खालची बाजू उचलायची, परत मागे. कितीतरी वर्षं आम्ही दोघी जावा अशा एकमेकींकडे चालत आलो आणि मागे गेलो. लांबून काही ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं ते जवळ आल्यावर. त्यामुळे आमचं बोलणं तुकड्या-तुकड्यांत व्हायचं. एक वाक्य एका चादरीला.

पळण्याची सुरुवात साखरेपासून झाली. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून त्या सकाळी मैदानावर जाऊ लागल्या. चालणं त्यांचं मुळातच झपाट्याचं. तिथे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर वयस्क मंडळींचा सराव घ्यायचे. त्यांनी दोन-तीन दिवस पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मागे कुणी लागलंय का? लागलं असेल तर सरळ पळा तरी."

जाऊबाई पळाल्या. आणि पळतच राहिल्या.

माझ्या नवऱ्याला आधी गंमत वाटली. "वहिनी, या वयात पळून कुठे जाणार?"

"तुझ्या तोंडापासून लांब जाता आलं तरी पुष्कळ," जाऊबाई म्हणाल्या.

भाऊजींचा जुना सदरा, ढगळ पॅन्ट, डोक्याला घट्ट रुमाल. पळताना अंग ताठ, खांदे हलायचे नाहीत. मास्तरांनी नाव ठेवलं 'इस्त्रीबाई'. अंगावर एक सुरकुती न पाडता पळते म्हणायचे. जाऊबाईंना ते नाव फार आवडलं. आयुष्यात कुणीतरी त्यांना असं नाव दिलं होतं, जे दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मास्तरांचा एक नेम होता. सकाळी जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची आणि मैदानावर येऊन सांगायची. नाडी जितकी सावकाश, तितकं काळीज मजबूत. "साध्या माणसाचं काळीज सारखी धडपड करतं. कसलेल्या माणसाचं काळीज एका ठोक्यात दोघांचं काम करतं. घोड्यासारखं." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती मंडळी बाकड्यावर बसून नाड्या अशा सांगायची जशा बायका सुनेचे गुण सांगतात. कुणाची बावन्न, कुणाची पन्नास. जाऊबाईंची पहिल्यापासून कमी. पन्नासच्या खालीच. त्या नाडीचा त्यांना अभिमान होता. दुसरा कसला दागिना त्यांच्याकडे नव्हता असं नाही, पण मिरवला त्यांनी हा एकच.

आता बँकवालीबद्दल सांगायला हवं. बँकेत काउंटरवर काम करून निवृत्त झालेली, उंच, चष्म्याला मागून दोरी बांधून पळणारी. वयाने जाऊबाईंपेक्षा वर्षभराने मोठी. दोघी बरीच वर्षं एका गटात पळाल्या आणि दर वेळी बँकवाली पुढे. मैत्री म्हणावी तर एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत. वैर म्हणावं तर एक जण सरावाला आली नाही की दुसरीचं लक्ष लागायचं नाही. आदल्या वर्षी बँकवाली साठीच्या गटात गेली आणि चारही रविवारचे गुण मिळून पहिली आली. मैदानावरच्या खोलीत एक लाकडी पाटी आहे. दर वर्षी जी पहिली येते तिचं नाव रंगवून घेतात. जाऊबाई त्या पाटीसमोरून जाताना मान वर करायच्या नाहीत. पण मला पाटीवरची सगळी नावं त्यांच्याच तोंडून पाठ झाली होती.

"एकदाच," त्या मला म्हणाल्या. चादर ताणली, झटका दिला, मागे गेल्या, पुन्हा जवळ आल्या. "एकदाच त्या पाटीवर नाव लागलं, की पळणं सोडीन."

पहिल्या रविवारी मी बघायला गेले. सपाट रस्ता, अंतर थोडं. साठीच्या गटात सात-आठ बायका. जाऊबाई पहिल्या आल्या. बँकवाली चार हात मागे. जाऊबाईंनी हसून माझ्याकडे पाहिलं, पण चेहरा पांढरा होता आणि ओठ निळसर. बसल्या त्या बऱ्याच वेळ उठल्याच नाहीत. मी पाणी दिलं. मास्तर आले, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "सकाळी किती होती?"

"चाळीस," जाऊबाई म्हणाल्या.

मास्तरांनी सगळ्यांना हाक मारली. "ऐकलं का? चाळीस. अशी नाडी पंचविशीतल्या पोराची नसते. इस्त्रीबाई या महिन्यात सगळ्यांना घडी करून कपाटात ठेवणार." सगळे हसले. बँकवालीही हसली. मीही हसले असेन. त्यात न हसण्यासारखं काय होतं?

त्या आठवड्यात कामावर जाऊबाईंच्या हातून चादरीचं टोक सुटलं. असं कधी होत नसे. मी ताणलेली चादर एकदम सैल झाली आणि माझा झोक मागे गेला. त्या तिथेच उभ्या होत्या, हात तसेच वर, डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हत्या. एखाद-दोन क्षण. मग चादर उचलली आणि जवळ आल्या.

"काय झालं, ताई?"

"वाफ," त्या म्हणाल्या. "डोळ्यांपुढे आली."

पुढच्या चादरीला मी म्हणाले, "वर जाऊन डॉक्टरांना दाखवू या का? एक जिना तर चढायचा."

त्याच्या पुढच्या चादरीला त्यांचं उत्तर आलं. "दाखवलं की ते आधी पळणं बंद करतील. मग दुखणं शोधत बसतील. महिना संपू दे."

दुसऱ्या रविवारी बँकवाली जिंकली. जाऊबाई दुसऱ्या, पण बऱ्याच मागून. पाय जड झाले म्हणाल्या. मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "नाडी खाली चाललीय म्हणजे तयारी वर चाललीय. पाय येतील मागून," असं ते म्हणाले. नाडी आता अडतीस होती. माझ्या नवऱ्याने घरी हिशेब लावला, "वहिनी, अशाच पळत राहिलात तर एक दिवस नाडी मोजायचं कामच उरणार नाही." तो आपला थट्टेत बोलला. नंतर कितीतरी दिवस तो जेवताना मधेच थांबायचा आणि ताटाकडे बघत बसायचा, ते याच वाक्यामुळे, हे मला न सांगता कळत होतं.

तिसरा रविवार चढाच्या रस्त्याचा. मी कामावर होते, गेले नाही. दुपारी जाऊबाई घरी आल्या त्या डाव्या गालावर आणि हनुवटीवर खरचटून. तळहात सोलवटलेले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, दगडाची ठेच लागली. पडल्या, उठल्या आणि तरीही दुसऱ्या आल्या. पुढे आली ती बँकवालीच. म्हणजे एक शर्यत जाऊबाईंची, दोन तिच्या. पण चौथी सगळ्यात लांब पल्ल्याची म्हणून तिचे गुण दुप्पट. दोघींतली जी चौथी जिंकेल तिचंच नाव पाटीवर. जाऊबाई गालाला मलम लावता लावता हे मला समजावून सांगत होत्या, मी विचारलं नव्हतं तरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात बँकवाली उभी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी परातीत कणीक ठेवून हात धुतले, खुर्ची दिली. जाऊबाई वरून खाली आल्या आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसल्या.

बँकवाली घोटभर पाणी प्याली आणि सरळ मुद्द्यावर आली. "तिथे दगड नव्हता."

जाऊबाई गालावरचं मलम चाचपू लागल्या.

"मी वळणावर मागे बघितलं होतं. तू ठेचकाळली नाहीस. उभीच्या उभी खाली गेलीस. दोरीवरचा कपडा पडतो तशी. हातसुद्धा पुढे आले नाहीत, म्हणून तर तोंडावर लागलं."

"बघत होतीस का पळत होतीस?" जाऊबाई म्हणाल्या.

"दोन्ही. अगं, डॉक्टरांना दाखव. माझ्या भावाचं असंच झालं होतं. चालता चालता पडायचा. एवढा रविवार सोड."

"मी सोडला की तुझं नाव."

"माझं नाव आहेच पाटीवर. मला काय त्याचं?"

हे ती मनापासून बोलली असेल. पण जिच्याकडे असतं तिनेच असं म्हणावं, आणि जिच्याकडे नाही तिने ऐकावं, हे फार अवघड असतं. जाऊबाईंचा खरचटलेला गाल लाल झाला. "तुला त्याचं काही नाही, कारण तुझं लागलंय. उगाच काळजीचं सोंग नको. यायचं तर रविवारी ये आणि पळून दाखव."

बँकवाली उठली. दारात चपला घालताना मला म्हणाली, "तुम्ही तरी समजवा." मी रात्री प्रयत्न केला. नवऱ्यानेही केला. जाऊबाईंनी मास्तरांना विचारलं. त्यांचं उत्तर काय असणार, ते ठरलेलंच. चाळिसाच्या खाली नाडी असलेल्या माणसाच्या काळजाला काय धाड भरलीय? शर्यतीच्या तोंडावर समोरचीला भीती घालायची, हा डाव त्यांनी शाळेच्या मैदानावर शंभर वेळा पाहिलाय. झालं. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी जे आयुष्यभर शिकवलं होतं ते त्यांना खरंच वाटत होतं.

मी त्या आठवड्यात रोज देवापुढे बसले की जाऊबाईंसाठी हात जोडायचे. काय मागावं ते मात्र समजायचं नाही. त्या जिंकाव्यात म्हणून मागावं, तर त्यांनी पळायला हवं. त्यांनी पळू नये म्हणून मागावं, तर त्यांच्याच विरुद्ध मागितल्यासारखं व्हायचं. शेवटी नुसतीच बसून राहायचे.

चौथ्या रविवारी शर्यत मैदानातून निघून, बाजाराच्या रस्त्याने फिरून, पुलावरून परत मैदानात येणार होती. मी शेवटच्या रेषेजवळ टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले. शेजारी मास्तर. सकाळी जाऊबाईंनी त्यांना नाडी सांगितली होती, छत्तीस. ते कुणाला तरी उत्साहाने तेच सांगत होते.

वाटेत काय झालं ते मला बँकवालीने नंतर सांगितलं. ती म्हणाली, तिने आदल्या दिवशीच ठरवलं होतं, जिंकायचं नाही. जाऊबाईंच्या पाठोपाठ पळायचं, हात लांब केला की पोचेल एवढ्या अंतरावर. पडल्याच तर निदान तोंडावर पडू नयेत. पहिल्यापासून ती तशीच पळाली. बाजारात, पुलावर, सगळीकडे, एक हात मागे. पण जाऊबाईंना हे कसं कळावं? त्यांना मागे तिच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. कित्येक वर्षं हाच आवाज शेवटच्या वळणावर त्यांना मागे टाकून पुढे गेला होता. त्यांनी वेग वाढवला. आवाजानेही वाढवला, कारण अंतर पडू द्यायचं नव्हतं. जाऊबाईंनी अजून वाढवला. पुलाच्या उतारावर त्यांनी मागे न बघता म्हटलं, "आज नाही मिळायचं तुला." बँकवालीला उत्तर द्यायला दम नव्हता. एवढ्या वेगाने जाऊबाई कधी पळाल्या नव्हत्या, असं ती म्हणाली.

मैदानाच्या फाटकातून त्या दोघी आत आल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पुढे जाऊबाई, ताठ, खांदे न हलवता. मागे त्यांच्या सावलीसारखी बँकवाली. बाकीच्या बायका अजून लांब. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "गेलं. नाव लागलं." रेषा समोर दिसत होती. मला जाऊबाईंचा चेहरा दिसत होता. राखेसारखा झाला होता, पण डोळे रेषेवर.

मग ते डोळे कुठेच बघेनासे झाले. धुलाईघरात झाले होते तसे. मी बाटली टाकून पळाले. जाऊबाई खाली चालल्या आणि बँकवालीने पुढे झेप घेऊन त्यांना काखेत धरलं, आणि दोघी एकत्र जमिनीवर आल्या. तोंडावर लागलं नाही. तेवढं तिने केलं.

मी पोचले तेव्हा बँकवालीने जाऊबाईंच्या मनगटावर बोटं ठेवली होती, मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे. तिचा चष्मा दोरीला लोंबत होता. ती मान हलवत होती. "एक आला," म्हणाली. मग किती वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आला." बाजूने बाकीच्या बायका एकेक करून पुढे गेल्या, कारण काय झालंय ते त्यांना लांबून कळलं नव्हतं. त्यातली एक रेषेवर पहिली पोचली आणि टाळ्या वाजल्या.

जाऊबाईंना आमच्याच हॉस्पिटलात नेलं. इतकी वर्षं मी तिथे काम करते, पण त्या दरवाजाने पहिल्यांदा आत गेले. तिथे खाटेवर घातलेली चादर आमच्या हातची होती. घडीच्या रेषा अजून उमटलेल्या होत्या. त्यावर जाऊबाई.

डॉक्टर तरुण होते, भराभर बोलत होते, पण माणूस चांगला. यंत्रावरच्या रेघा बघून त्यांनी विचारलं, "नाडी इतकी कमी कधीपासून?" मास्तर आमच्याबरोबर आले होते. त्यांनी मान वर करून सांगितलं, की त्या खेळाडू आहेत, त्यांची पहिल्यापासूनच कमी.

"पळून आल्यावर कधी मोजली होती?"

मास्तर म्हणाले, "सकाळी अंथरुणात मोजतो आम्ही."

"पळाल्यावर ती दुप्पट, तिप्पट व्हायला हवी. यांची होतच नव्हती. काळजाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याला निरोप जायचा मार्गच झिजलाय. खालचा कप्पा आपल्या मनाने, जमेल तसा ठोके देतोय." त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "समजतंय ना?"

मला समजलं. वर बटण दाबतात आणि खाली घंटा वाजत नाही. ते म्हणाले, एक छोटं यंत्र बसवावं लागेल, ते बसवणारे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी घरी असतात, बोलावलंय, निघालेत. महिन्यापूर्वी आला असतात तर चालत येऊन चालत घरी गेला असतात. हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण मास्तर भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

मधे जाऊबाईंना थोडा वेळ शुद्ध आली. मी जवळ होते. ओठ हलले म्हणून कान नेला.

"तिला पुढे जाऊ दिलं नाही ना मी?"

"नाही, ताई."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान होतं, खोटं कशाला सांगू. रेषा ओलांडली का, हे त्यांनी विचारलं नाही आणि राहिली होती, हे मी सांगितलं नाही. यंत्र बसवणारे डॉक्टर जिन्यात होते तेव्हा त्या गेल्या.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी बँकवाली परत घरी आली. पहिल्या वेळी बसली होती त्याच खुर्चीत बसली. चहा केला, तो तिने हातात धरून ठेवला. गुणांची बेरीज करून पाटीवर पुन्हा तिचंच नाव लागलं होतं. तिने जाऊन सांगितलं, नको. समितीवाले म्हणाले, नियम आहे. रंगाऱ्याने तिच्या डोळ्यांदेखत लिहिलं. तेव्हापासून ती मैदानावर गेली नव्हती. मास्तर जातात, असं तिने सांगितलं. बाकड्यावर बसतात, कुणाला काही विचारत नाहीत. मंडळी मनगटाला हात लावत नाहीत.

मग ती म्हणाली, "मी मागे राहायला हवं होतं. खूप मागे. आवाज आला नसता तर ती हळू झाली असती. मी तिला सांभाळायला म्हणून मागे होते, आणि मीच तिला पळवलं."

मी म्हणाले, "तुम्ही धरलंत म्हणून त्या तोंडावर पडल्या नाहीत."

"त्याने काय झालं?"

खरंच, त्याने काय झालं होतं?

"माझ्याबद्दल काही बोलली का शेवटी? तिला कळलं असेल का मी कशाला मागे होते ते?"

हा प्रश्न ती विचारणार हे मला ती दारात दिसली तेव्हाच वाटलं होतं. हो म्हणावं, असं फार मनात आलं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालणं मला जमत नाही, तशी शिकवणच नाही. मी जाऊबाई जे बोलल्या तेच तिला सांगितलं. जसंच्या तसं. "तिला पुढे जाऊ दिलं नाही ना मी?"

बँकवालीने ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"म्हणजे जिंकले असं वाटलं तिला."

"हो."

"आणि मी हरले असं."

"हो."

तिने न प्यालेला चहा खाली ठेवला. "बरं झालं," म्हणाली. चष्मा पुसला, दोरी सारखी केली आणि उठली. दारात तिने वरच्या जिन्याकडे एकदा पाहिलं. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

वरची खोली मी रोज झाडते. आधीच्या बाईंच्या फोटोशेजारी आता जाऊबाईंचा फोटो आहे, दोन्ही मीच पुसते. कामावर माझ्यासमोर नवी बाई दिली आहे. बिचारी चांगली आहे, हात चपळ आहे, टोक कधी सोडत नाही. चादर ताणून आम्ही एकमेकींकडे चालत येतो, टोकाला टोक लावतो. जवळ आल्यावर माझ्या तोंडाशी काहीतरी येतं. ते तसंच ठेवून मी मागे जाते.